माथेरानच्या घराचे उरलेले महिने

मे महिना जवळ आला की आमच्याकडे माथेरानचा विषय निघतोच. यंदा कारण वेगळं आहे. घर विकायचं चाललंय. काका, आत्या आणि भावंडांपैकी बरेचजण हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहितो. बाकीच्यांनी थोडं सहन करावं :)

ज्यांना माथेरान फक्त चिक्की आणि घोड्यांपुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी आधी थोडंसं. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला. मागोमाग साहेबलोक आले, मग मुंबईतल्या धनिकांनी बंगले बांधले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर आणली. आमचं घर त्यानंतरचं. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, तीन बाजूंनी व्हरांडा. साठच्या दशकात आजोबांनी ते एका पारशी कुटुंबाकडून घेतलं. गिरगावात दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने डोंगरावर सहा खोल्या घ्याव्यात, याचं आजीला शेवटपर्यंत हसू यायचं.

आजोबा या घराची एक वही ठेवत. कोण कधी आलं, आंब्याच्या किती पेट्या चढल्या, कुणाला गांधीलमाशी चावली, पत्त्यांत कोण हरलं... सगळं. आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे ती वही, असं आपण सगळेच म्हणतो. परवा ती पुन्हा चाळली. दरवर्षीची शेवटची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यातली: 'कुलूप लावले, किल्ली माळ्याकडे दिली.' पुढच्या पानावर एकदम एप्रिल!

मधल्या महिन्यांत काय होतं? पाऊस. माथेरानला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. नेरळहून वर येणारी गाडी त्या दिवसांत बंद असते. माकडं वर्षभर कौलं सरकवत असतात, त्यामुळे पावसाआधी घर शाकारून घेतलं नाही तर आढ्याचं लाकूड कुजायला दोन पावसाळे पुरतात. पश्चिमेच्या व्हरांड्याला गवताच्या तट्ट्या बांधायच्या (पुढे निळं प्लॅस्टिक आलं), गाद्या उबेला ठेवायच्या, वाळवी बघायची. आणि मोटार दस्तुरीच्या नाक्यापुढे येत नाही, म्हणजे एकेक कौल घोड्यावरून, हातगाडीवरून नाहीतर डोक्यावरून येणार.

हे सगळं माळीमामांनी केलं. आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांनी. त्याची नोंद वहीत नाही, पण वहीखाली एका पत्र्याच्या डब्यात आहे. हिशेबाचे कागद. कौलं चाळीस, खिळे अर्धा किलो, डांबर एक डबा, मजूर दोन. जून, जुलै, ऑगस्ट. ते कागद वहीच्या पानांमध्ये ठेवले की मगच वर्ष पूर्ण होतं.

२६ जुलै २००५ च्या पावसात रेल्वेमार्ग इतका वाहून गेला की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. तेव्हा आपण सगळे मुंबईत आपापल्या पाण्यात अडकलो होतो, माथेरान कुणाच्या मनातही नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन लागला. मामा बाजारात येऊन बोलत होते. म्हणाले, "घर आहे. तुम्ही सगळे आहात ना?" बाबा बराच वेळ काही बोलू शकले नाहीत.

आता मुद्द्याचं. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. नवं बांधकाम सहज होत नाही, त्यामुळे जुन्या बंगल्यांना मागणी आहे. आपल्यालाही चांगली किंमत येतेय. विकू नये असं माझं म्हणणं नाही. वर्षातून चार दिवससुद्धा कुणाला जमत नाहीत, आणि आठ वाटेकऱ्यांत घर सांभाळणं कठीण आहे, हे मलाही कळतं.

पण कराराच्या मसुद्यात 'रिकामा ताबा' असे दोन शब्द आहेत. मागच्या आउटहाउसमध्ये मामांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं राहतात. रिकामं करायचं ते त्यांना. आपले तर तिथे चार पलंग आणि एक कॅरमबोर्ड आहे.

माझी सूचना साधी आहे. किमतीचे आठ नाही, नऊ भाग करावेत. बक्षीस किंवा मदत म्हणून नाही, वाटा म्हणून, आणि तसं कागदावर लिहून. खाली नेरळला त्यांना स्वतःचं घर घेता येईल. आणि ते घर होईपर्यंत ताबा द्यायचा नाही, हेही करारात घालावं.

धाकट्या काकांचं मत मला माहीत आहे. ते म्हणतील, पगार दिला होता की. दिला होता, खरं आहे. पगाराचे आकडेसुद्धा त्याच डब्यात आहेत. काका, एकदा येऊन बघून जा. डबा माझ्याकडे आहे.

बाकीच्यांनी सही करण्याआधी फोन करा. रविवारी मी घरीच आहे.