खोताचे दप्तर आणि संपाचे पत्र

अलिबागचा इतिहास म्हटला की कान्होजी आंग्रे, कुलाबा किल्ला आणि गलबते, एवढ्यावर बोलणे आटोपते. कान्होजी 1729 साली वारले, पुढे शंभरेक वर्षांनी संस्थान खालसा झाले, आणि मग या किनाऱ्यावर जणू काही घडलेच नाही! ही खोड मोडली ती शां. वि. आवळसकरांसारख्या संशोधकांनी. त्यांच्या 1947 सालच्या 'आंगरेकालीन अष्टागर'मध्ये आरमारापेक्षा गाव मोठे आहे. माड-पोफळीची आगरे आहेत, सारा आहे, रयतेचे रोजचे जगणे आहे. पण हे लिहिता आले ते आंग्र्यांची कागदपत्रे उरली म्हणून. दप्तर ठेवतो तो वसूल करणारा. ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्या घरी फार तर एखादी पावती सापडते, तीही वाळवीने खाल्लेली. रयतेचे दप्तर या जिल्ह्यात पहिल्यांदा कोणी ठेवले असेल, तर ते वर्तमानपत्र चालवणाऱ्यांनी, असे माझे मत आहे.

चरीचेच पाहा. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या या गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप पुकारला आणि तो 1939 पर्यंत ताणला. शेते पडीक ठेवून, जंगलातला लाकूडफाटा विकून माणसे जगली. खोताच्या कबुलायतीत हीच माणसे भेटतात ती थकबाकीदार म्हणून, आणि सरकारी टिपणात शांततेला धोका म्हणून. त्यांची स्वतःची कैफियत छापायला कागद हवा होता. 1937 साली निघालेल्या 'कृषीवल' या पत्राने तो पुरवला.

यावर हरकत ठरलेली: असले पत्र पक्षपाती, पुढे तर शेतकरी कामगार पक्षाचे म्हणूनच ओळखले गेले, त्याला साधन कसे म्हणायचे? पक्षपात मान्य. पण खोताचे दप्तर निःपक्षपाती होते, असे कोणी म्हणेल काय? पत्राची बाजू निदान पहिल्या पानावर उघड असते. दप्तराची बाजू आकड्यांच्या रकान्यात दडलेली. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, एवढेच. दुसरी हरकत अधिक खरी आहे. जिल्ह्याच्या पत्रात भाताचा भाव, रेवसच्या लाँचच्या वेळा, निधनवार्ता, जाहीर नोटिसा यांचाच भरणा. यात इतिहास कुठला? मला तर अग्रलेखांपेक्षा हाच मजकूर मोलाचा वाटतो. अग्रलेख लिहिताना संपादकाला आपण इतिहास घडवतोय याचे भान असते, भाताचा भाव छापताना नसते. म्हणून तिथे तो सहसा खोटे बोलत नाही.

डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले तेही 'कृषीवल' निघाले त्याच 1937 साली. कायदा व्हायला 1949 उजाडले. मधली बारा वर्षे विधिमंडळाच्या कामकाजात शोधली तर भाषणे मिळतील. त्या वर्षांत पोयनाड-चरीकडच्या कुळाने भात कोणाच्या खळ्यावर झोडले, हे पाहायचे तर जुन्या अंकांच्या फायलीच उघडाव्या लागतात.