चटणीचा डबा

मराठीच्या प्राध्यापकाला एक खोड असते. ताटात पदार्थ पडला, की जिभेच्या आधी तो त्याचा शब्द चाखतो. चटणीचेच पाहा ना! चाटण्यापुरती, म्हणून चटणी. ताटात तिची जागा डावीकडची आणि बोटभर. पण डावी बाजू बेचव असली, तर उजवीकडची पक्वान्नेही घशाखाली उतरत नाहीत. इंग्रजांनी आपल्याकडून पुष्कळ काही नेले, त्यात हा शब्दही नेला.

आमचा भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास बांधीतले धान पिवळे पडू लागते. कापणीपूर्वीच, जमिनीत ओल असेतोवर, उभ्या धानात लाखोरी किंवा जवस फेकतात. याला उतेरा म्हणतात. ना नांगरट, ना पाण्याची पाळी. धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर ते पीक येते आणि थंडीत त्याला इवलीशी निळी फुले लागतात. संस्कृतातली अतसी ती हीच. हिंदीतली अलसीही तिचीच लेक. अशा या विनातक्रार पिकाची चटणी आमच्या घरी बारमाही असे.

मी नागपूरला शिकायला गेलो, तेव्हा आई दर महिन्याला कुणा ना कुणाबरोबर या चटणीचा डबा पाठवी. वसतिगृहात माझ्या सोबत्यांच्या खिडकीत टोमॅटो सॉसच्या लालचुटुक बाटल्या उभ्या असत. त्यांच्या शेजारी तो तेलकट, काळपट डबा ठेवायची मला लाज वाटे. मी तो गुपचूप रात्रीच्या पहारेकऱ्याला देई. डबा घासूनपुसून परत पाठवी आणि निरोप देई, "छान झाली होती, संपली." आईला धन्यता वाटे आणि पुढच्या महिन्यात डबा आणखी मोठा येई!

गेल्या वर्षी रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, 'फ्लॅक्ससीड'. मी मोठ्या दुकानातून चकचकीत पाकीट आणले. आईने ते फोडून दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला जवस! येवढ्या पैशात पोतंभर आला असता."

त्याच दिवशी मी तिच्याकडून चटणी शिकलो. आता तिच्या मनगटांत कुटायची ताकद नाही. ती स्टुलावर बसून सांगत होती. वाटीभर जवस मंद आचेवर कोरडाच भाजायचा. तडतडून उडू लागला, की लगेच उतरवायचा. पळभर जास्त झाला, तर कडवट होतो. मग सात-आठ सुक्या मिरच्या, दहाएक लसणाच्या पाकळ्या आणि चमचाभर जिरे परतायचे. सगळे पुरते गार झाल्यावर मीठ घालून कुटायचे. मिक्सर असेल, तर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला, की तेल सुटून गोळा होतो. आणि करायची थोडीच. अख्खा जवस महिनोन्महिने राहतो, कुटलेला मात्र लवकर खवट होतो. मीठ किती, असे विचारले, तर म्हणाली, "अंदाजानं." हे माप कुठल्याच कोशात नाही.

गरम भातावर ती चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार घेतली. पहिल्याच घासाला मला तो पहारेकरी आठवला. न राहवून मी आईला सगळे सांगून टाकले. वीस-बावीस वर्षांचे खोटे होते ते.

आई शांतपणे म्हणाली, "मले मालूम होतं."

"कसं?"

"डबा लखलखीत घासून यायचा. घरी कधी ताट उचललं नाही तू, अन् डबा घासशील?"

"मग पाठवत कशाला राहिलीस?"

तिने माझ्या ताटात आणखी चिमूटभर चटणी वाढली. "कोणी तं खातच होतं ना, बाबू!"