दोराच्या झोपाळ्यातून निघालेलं वैद्यक

कोलशेत रोडवरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम माझी पाठ दाबता दाबता सहज म्हणाल्या, “अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या उपचारातही ऑस्टिओपॅथी वापरतात बरं का!” झालं. पाठ राहिली बाजूला, घरी येऊन जो वाचायला बसलो तो अजून उठलेलो नाही. दिसेल त्याला हेच सांगतोय. बायको म्हणते, सोसायटीच्या ग्रुपवरून काढतील तुला.

पण काय माणूस आहे हो हा ऑस्टिओपॅथीचा जनक, अँड्र्यू टेलर स्टिल! जन्म 1828 चा. दहा वर्षांचा असताना डोकं ठणकायला लागलं, तर पठ्ठ्यानं दोन झाडांमधला दोराचा झोपाळा जमिनीजवळ आणला, दोरावर घोंगडी टाकली, त्यावर मान टेकली आणि झोपला. उठतो तर डोकेदुखी गायब! पुढे डॉक्टर झाला आणि 1864 मध्ये मेंदूज्वरानं घरातली तीन मुलं गेली. तेव्हाची औषधं तरी कोणती? पाऱ्याचं कॅलोमेल, अफू, व्हिस्की. म्हणजे डॉक्टरच दारू पाजणार, डॉक्टरच अफू देणार आणि पेशंट आजारातून उठून व्यसनात पडणार! स्टिल यावर पेटला. 1874 मध्ये त्यानं हाडं, स्नायू आणि वैद्याचे हात यांवर उभी असलेली आपली पद्धत जाहीर केली, 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं, आणि पहिल्याच वर्गात बायकांनाही घेतलं. ऑस्टिओपॅथीच्या मुळाशीच अफू-दारूची चीड आहे, आणि हे मला पन्नाशीत कळतंय!

गंमत पुढेच आहे. त्याचे आजचे अमेरिकेतले वारसदार, म्हणजे डी.ओ., पूर्ण डॉक्टर असतात. ऑपरेशन करतात, औषधं लिहितात. अफूच्या जातीच्या गोळ्यांत अडकलेल्याला तेच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात. स्टिलबाबाला हे रुचलं असतं? कुरकुरत का होईना, रुचलं असतं, असं आपलं माझं मत. कारण औषधासोबत हातही चालू असतात. टर्कीत, म्हणजे नशा अचानक तुटल्यावरच्या त्रासात, काय होतं? घाम, धडधड, हाडं मोडल्यासारखा ठणका, झोपेचा पत्ता नाही. यात सिंपथेटिक मज्जासंस्था बेफाम झालेली असते, आणि तिची साखळी बरगड्या मणक्यांना मिळतात तिथूनच, अगदी खेटून जाते. म्हणून पेशंटला उताणं झोपवून, पाठीखाली बोटं सरकवून बरगड्या हळूहळू उचलतात. कवटीच्या बुडाशी बोटं टेकवून स्नायू सैल होईपर्यंत नुसतं थांबतात. दहा वर्षांच्या पोराचा तो दोरच की हा!

यानं व्यसन सुटतं असं मात्र कुणी समजू नये. रोजची दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. हातांचा उपयोग ठणक्याला. 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कंबरदुखीवरचा अभ्यास आला होता: नेहमीचे उपचार घेणारे आणि ऑस्टिओपॅथीवाले, आराम दोन्ही गटांना सारखाच, पण ऑस्टिओपॅथीवाल्यांना औषधं कमी लागली. आणि दुखण्यावरची गोळी किती दूर नेते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी 2018 मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली उगाच नाही आणली.

व्यसनमुक्तीत तर आपण कुठे मागे आहोत? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 ला पु. ल. देशपांड्यांच्या हस्ते सुरू झालं, तेही गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यातल्या पोरांसाठी. आमच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून आहे. मुक्तांगणात योग आहे, संगीत आहे, म्हणजे शरीर उपचारात आधीपासूनच आलेलं आहे. मग एखाद्या केंद्रानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करूनच बघावं ना! निम्म्या पेशंटना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला रोज वीस मिनिटं हे हात. कोण किती झोपला, कुणाचा ठणका उतरला, कोण मधेच पळून गेला, एवढं वहीत लिहायचं. वही मी देतो.