घसारा

‘गाडी’ हा शब्द आमच्या मुकुंदवाडीत फार सैल वापरला जातो. अण्णा मोंढ्यात ज्या हातगाडीवर पोती ओढतात ती गाडी, आणि शेजारच्या काकांची मोपेड तीही गाडीच. पण गेले दोन महिने आमच्या घरात नुसते ‘गाडी’ म्हटले की ती कोणती, हे विचारावे लागत नाही. ती म्हणजे दादाच्या मनात भरलेली, एका डॉक्टरांची जुनी काळी ऑक्टाव्हिया आर.एस. २००५ सालची, १ लाख ८४ हजार किलोमीटर पळालेली.

ही गाडी दादाला परकी नाही. नववीनंतर शाळा सोडून तो जालना रोडवरच्या एका गॅरेजात लागला, तेव्हा हातात बॅटरी देऊन ज्या बोनेटपाशी त्याला पहिल्यांदा उभे केले, ते हिचेच. गेली तेरा वर्षे हिचे ऑइल त्याच्या हातून बदलले गेले. काम झाले की ‘ट्रायल’ म्हणून तो ती शेंद्र्यापर्यंत नेऊन आणी. तेवढेच काय ते त्याचे सुख! शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ सालापासून ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली. म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरची ती माहेरवाशीणच म्हणायची. त्यातली आर.एस. ही पळणारी बहीण २००४ साली आली. चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह आणि वर टर्बो. युरोपात याच नावाच्या गाडीला १८० अश्वशक्ती होती, आपल्याकडे १५० दिली.

टर्बो म्हणजे काय, हे मला दादाने चहाच्या दोन बशा समोरासमोर धरून समजावले. इंजिनातून जो तप्त धूर एरवी वाया जातो, त्याच्या जोराने एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे, आणि आधार कशाचा, तर ऑइलच्या पातळ थराचा! म्हणून भरधाव पळवून आणल्यावर ही गाडी लगेच बंद करायची नसते. थोडा वेळ तशीच चालू ठेवायची. ‘तिला दम खाऊ द्यायचा,’ असे दादा म्हणतो. स्वतःच्या बाबतीत त्याने हा नियम पाळलेला मी पाहिलेला नाही.

इतके किलोमीटर पळालेली गाडी घ्यावी का, असे कोणीही विचारील. दादाचे उत्तर ठरलेले आहे. बाजारात साठ हजार दाखवणाऱ्या मीटरवर त्याचा विश्वास नाही. तो मीटर पाहतच नाही. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगवरची चकाकी आणि सीटची दाराकडची कड पाहतो. आकडा मागे फिरवता येतो, झीज फिरवता येत नाही. त्याच्या मते एका हातात राहिलेली, वेळेवर ऑइल मिळालेली दोन लाखांची गाडी ही चार हातांतून गेलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा बरी. हे मला पटते.

‘तू अर्थशास्त्र शिकतेस ना तायडे, मग हिशेब तूच मांड,’ असे म्हणून त्याने माझ्यापुढे वही टाकली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आकड्यांची सगळी कामे माझ्याकडे येतात, रेशनकार्डापासून ते विजेच्या बिलापर्यंत. पुस्तकात घसारा म्हणून प्रकरण आहे: यंत्राची किंमत वापराने वर्षागणिक कमी होत जाते. त्या हिशेबाने ही गाडी केव्हाच शून्यावर यायला हवी होती. पण पुस्तकात न सांगितलेली एक गोष्ट या वहीने मला शिकवली. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना दहा लाखांवर किंमत असलेल्या गाडीचेच भाग तिला लागतात. घसारा पहिल्या मालकाने सोसला. दुरुस्ती दुसऱ्याच्या वाट्याची.

डॉक्टर मागतात २ लाख २५ हजार. दादाची साठवण ३ लाख १० हजार. आता पुढचे ऐका. टायमिंग बेल्ट आणि त्याच्याबरोबर पाण्याचा पंप, २२ हजार. हा रबरी पट्टा गाडी उभी असली तरी म्हातारा होतो, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जाते. तेव्हा इथे काटकसर नाही. चार कॉइल, प्लग, ऑइल, फिल्टर मिळून २० हजार. शॉकअप आणि बुश ३८ हजार, टायर २६ हजार. नोंदणीची मुदत २०२५ मध्ये संपली. आणि नेमकी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींची नूतनीकरणाची फी १० हजार झाली. पर्यावरण कर निराळा. विमा फक्त तिसऱ्या पक्षाचा धरला तरी दीड हजार सी.सी.वरच्या गाडीला २०२२ साली ठरलेल्या दराने ७,८९७ रुपये, वर जी.एस.टी. बेरीज सव्वा लाखावर गेली. ४० हजार कमी पडत होते. पेट्रोल मी अजून लिहिलेच नव्हते: लिटरला दहा किलोमीटर, महिन्याला पाचशे किलोमीटर धरले तरी पाच हजारांच्या वर. दादाचा पगार चोवीस हजार, आणि त्यातूनच माझी फी जाते.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. एवढ्या पैशात जुना छोटा हत्ती येईल, मोंढ्यातला माल वाहील, घरात चार पैसे आणील. आमचे सर याला संधी खर्च म्हणतात. अण्णा म्हणाले, ‘ती गाडी नाही, हौस आहे.’ दादा काहीच बोलला नाही. हौस हा शब्द त्याच्याविषयी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दादाने एक सूचना केली होती, ‘मजुरी शून्य लिही, सगळं काम मीच करणार.’ मी शून्य लिहिले नाही. बाहेर याच कामाचे किती घेतात ते त्याच्याकडूनच काढून घेतले आणि तीस हजार लिहिले. तो चिडला. गाडी अजून महाग झाली होती ना! अण्णांना अक्षरे जेमतेम लागतात, पण आकडा बरोबर दिसतो. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, हे कशाचे? मी सांगितले. थोडा वेळ ते वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘धरायलाच पाहिजे. मी काय पोतं फुकट उचलतो का?’

त्यानंतर छोट्या हत्तीचा विषय त्यांनी काढलेला नाही.

माझे मत मी दिले आहे. सव्वादोन लाखांना घेऊ नये. १ लाख ८० हजारांना मिळाली तर घ्यावी, कारण मजुरी सोडून बाकी सर्व खर्च साठवणीत कसाबसा बसतो. आणि पट्टा बदलल्याशिवाय चावी फिरवू नये. पेट्रोलसाठी दादाने रविवारची बाहेरची कामे धरायची ठरवली आहेत. कर्ज काढायचे नाही, यावर आम्हा तिघांचेही एकमत आहे. आईला विचारले तर ती म्हणते, ‘आधी मला एकदा बसवा, मग सांगते.’

डॉक्टर आता दोन लाखांपर्यंत खाली आले आहेत. दादा गुरुवारी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी वही बरोबर नेणार आहे.