घरातली तिसरी गाडी

आमच्या पुण्याच्या घरी तीन गाड्या आहेत. दोन रोज धावतात. तिसरी, १९८६ची प्रीमियर पद्मिनी, बॅटरी उतरू नये म्हणून एखाद्या रविवारी सकाळी बाहेर काढायची. पण विम्याचं नूतनीकरण जवळ आलं की घरात सगळ्यांत जास्त बोलणं हिच्याबद्दलच होतं.

बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगलगत. खंबाटकीच्या चढाला तापली की बॉनेट उघडून थांबायचं आणि आईने डबा काढायचा. बाबा विम्याचे कागद तारखेवार फायलीत लावत. ती फाईल वाचताना जाणवतं, की ज्या वर्षांत ही गाडी आम्हाला अधिकाधिक हवीशी होत गेली, त्याच वर्षांत कागदावरची तिची किंमत उतरत गेली.

विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी घसारा ५० टक्क्यांवर येतो आणि तिथे तक्ता संपतो. पुढची किंमत मालक आणि कंपनीने मिळून ठरवायची असते. मला ही मोठी मोकळीक वाटते, आणि जुन्या गाडीचे बहुतेक मालक ती वापरतच नाहीत. ‘एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे’ असं एजंट सांगतो आणि आपण मान डोलावतो. मी नाही डोलावली. चारही बाजूंचे फोटो, इंजिन उघडल्याची पावती, नाना पेठेतून आणलेल्या सुट्या भागांची बिलं, चांगल्या स्थितीतल्या पद्मिनीचे बाजारातले भाव असं सगळं पुढे ठेवलं, आणि फायलीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा बरीच वरची रक्कम मान्य करून घेतली. दुरुस्तीच्या दाव्यात धातूच्या नव्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, दहा वर्षांवरच्या गाडीला तोच नियम आहे. पण गाडी पुरती गेली तर हाती येणारा आकडा हा ठरवलेलाच.

उभ्या गाडीला काय होणार, असं विचारणाऱ्यांना मी २५ सप्टेंबर २०१९ची रात्र सांगते. आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगरात शिरलं आणि उभ्याच असलेल्या गाड्या वाहून गेल्या. थर्ड पार्टी विम्यात त्यांच्या मालकांना स्वतःच्या गाडीपोटी एक रुपयाही मिळत नाही. तो विमा रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो सक्तीचा आहे, ते योग्यच आहे. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला २०२२ पासून त्याचा हप्ता ३,४१६ रुपये आहे, रोज धावो की महिन्यातून एकदा. तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि समोरून येणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याचं मात्र वेगळं. त्यात धावण्याप्रमाणे आकारणी करायला नियामकाने २०२२मध्येच परवानगी दिली, एका मालकाच्या अनेक गाड्यांना एकच पॉलिसी घ्यायलाही. आमच्या तीन गाड्या तिघांच्या नावावर असल्याने दुसरी सोय उपयोगाची नाही. पहिली अगदी आमच्यासाठीच. व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं भरावी लागतात, म्हणजे २०३६. तीही मला नको, कारण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पद्मिनी भाजीलाही न्यावी, या मताची मी आहे.

आता मुलीला गाडी तिच्या नावावर हवी आहे. आरसीवर नाव बदललं की चौदा दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचं. नो क्लेम बोनस मात्र माझ्याकडेच राहणार, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. बाबांचा मला मिळाला, कारण मालकाच्या पश्चात गाडी मुलांकडे आली तर बोनसही येतो. मी हयातीत गाडी दिली तर मुलीला तो मिळणार नाही, तिने पहिल्या वर्षापासून जमवायचा. तिची तयारी आहे.