रतनवाडीची रात्र आणि विजेची गाडी

नाशिकहून महामार्गाने घोटी गाठावी, तेथून डावीकडे वळावे, की थोड्याच वेळात सह्याद्री अंगावर येऊ लागतो. बारी गावापाशी डाव्या हाताला कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच माथा. पुढे शेंडी आणि भंडारदरा. प्रवरेचा उगम रतनगडावरचा. तिच्यावरील विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले आणि त्याचा जलाशय मागे पार रतनवाडीपर्यंत पसरला. पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीला पोहोचलो की अमृतेश्वराचे काळ्या दगडातले कोरीव मंदिर दिसते, शेजारी पुष्करणी, आणि मान वर केली की रतनगड. त्याच्या माथ्यावरचे नेढे उन्हे कलताना स्पष्ट ओळखू येते.

माझ्या यजमानांनी महाविद्यालयात असताना या गडाच्या गुहेत कित्येक रात्री काढल्या आहेत. आलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगड, कात्राबाईची खिंड, ही नावे आमच्या घरी नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जातात. मात्र गेली सहा वर्षे त्यांची एकही रात्र डोंगरात गेली नव्हती. कारण गुडघे नव्हेत, कारण झोप. त्यांना निद्राश्वसनरोध, म्हणजे ज्याला आपण स्लीप ॲप्निया म्हणतो, तो तीव्र स्वरूपाचा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, मेंदू अर्धवट जागा होऊन तो पुन्हा सुरू करतो. तासाला असे पाच प्रसंग घडले तर ते रोगाचे लक्षण. तीस किंवा अधिक घडले तर रोग तीव्र. नाकावर मुखवटा लावून सौम्य दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र हा त्यावरील खात्रीचा उपाय, परंतु त्याला रात्रभर वीज लागते. तंबूत ती कोठून आणणार? आणि यंत्राविना एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी पेंगुळल्या डोळ्यांनी घाटातून गाडी हाकणे हा मला कधीच पटणारा व्यवहार नव्हता.

विजेवर चालणारी गाडी घरात आली तेव्हा पेट्रोलच्या खर्चाचे गणित सर्वांनी केले. माझे गणित निराळे होते. आमच्या गाडीच्या बॅटरीत 45 युनिट वीज मावते. सीपॅप यंत्रातील हवा ओलसर करणारा भाग बंद ठेवला, तर त्याला साधारण 30 ते 60 वॉट पुरतात. म्हणजे आठ तासांच्या झोपेला पाव ते अर्धा युनिट. गाडीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देण्याची सोय आहे, तिच्यावर हे यंत्र सहज चालते. ज्यांच्या गाडीत ही सोय नसेल त्यांनी बारा व्होल्टच्या खोबणीवर आंधळेपणाने विसंबू नये. ती खोबणी छोट्या बॅटरीवर चालते आणि गाडी बंद असताना मोठी बॅटरी तिला भरत राहीलच असे नाही. मोठी बॅटरी भरलेली आणि छोटी रिकामी, म्हणून पहाटे गाडीच सुरू होत नाही, असा विचित्र प्रसंग त्यातून ओढवू शकतो. आम्ही आधी घराच्या अंगणात एक रात्र तसे झोपून पाहिले. शेजाऱ्यांना वाटले, आमचे भांडण झाले.

जानेवारीतल्या एका शनिवारी निघालो. रतनवाडीत एका शेतकरी कुटुंबाच्या खळ्यात, त्यांची परवानगी घेऊन आणि ठरलेले पैसे देऊन, गाडी उभी केली. सपाट जागा, पाण्याच्या काठापासून दूर, वापरायला त्यांचे शौचालय. पन्नाशीनंतरच्या माणसांसाठी ही शेवटची बाब निसर्गसौंदर्याइतकीच महत्त्वाची असते. जेवायला नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा. घरातले आजोबा यंत्राकडे बराच वेळ निरखून पाहत होते. "ताई, गाडी रातभर चालू ठेवनार, मंग धूर नाही का व्हायचा?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "आजोबा, हिला धूरच नाही." त्यावर ते म्हणाले, "मंग शेगडी देऊ का आत? थंडी लई पडती इथं."

प्रेमाने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मात्र ठामपणे द्यावे लागले, आणि वाचकांनाही तेच सांगते. पेट्रोल वा डिझेलच्या गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपणे घातक, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. विजेच्या गाडीत हा धोका नाही. परंतु निखाऱ्यांची शेगडी आत घेतली की तोच वायू आपण हाताने आत आणून ठेवतो. गाडी असो, तंबू असो वा घराची बंद खोली, निखारे बाहेरच राहिले पाहिजेत. आजोबांनी शेगडी खळ्यात ठेवली आणि झोपेची वेळ होईपर्यंत आम्ही तिच्याभोवती बसलो.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्याच श्वासाची. झोपलेला प्रौढ माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. गाडीच्या आतली हवा सुमारे तीन हजार लिटर. दोघे जण पूर्ण हवाबंद गाडीत झोपले, तर तासाभरातच या वायूचे प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास जाईल. बाहेरच्या हवेत ते 0.04 टक्के असते. गाड्या इतक्या हवाबंद नसतात हे खरे, पण सकाळी डोके जड होणे, काचा आतून घामेजणे, ही त्याचीच चिन्हे. म्हणून आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवावे, बाहेरची हवा येऊ द्यावी, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचे कापड लावावे.

झोपावे मात्र आडवेच. पुढची आसने मागे कलवून, पाय खाली लोंबते ठेवून रात्र काढू नये. 1940 साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून झोपत. त्यांच्यापैकी काहींच्या पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या आणि मृत्यू ओढवले, याची नोंद तेव्हाच वैद्यकीय नियतकालिकात झाली. जपानमध्ये 2004 आणि 2016 सालच्या भूकंपांनंतर मोटारींत राहिलेल्या लोकांत हेच दिसले. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पायांच्या शिरा फुगलेले, संप्रेरकांच्या गोळ्या घेणारे यांनी तर विशेष जपावे. रात्री उठावे लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपल्याकडची सवयही इथे अंगाशी येते. आम्ही मागची आसने पाडली, मधली उंच-सखल जागा आईच्या जुन्या गोधड्यांनी भरून काढली आणि वर तीन इंची गादी अंथरली. बाजारात यासाठी फुगवायच्या गाद्या मिळतात. गोधडीची सर त्यांना नाही.

साडेदहाला बॅटरी 72 टक्के होती. बाहेर 9 अंश. हीटर न लावता नुसता पंखा मंद ठेवला. आकाशात मृग आणि त्यामागे व्याध, इतके ठळक की शहरात ते कधी दिसतच नाहीत असे वाटावे. यजमानांनी मुखवटा चढवला आणि दहा मिनिटांत यंत्राची संथ फुसफुस सुरू झाली. मला बराच वेळ झोप लागली नाही. दूर कोठे तरी टिटवी ओरडत होती, आणि ज्या गडाच्या गोष्टी लग्नापासून ऐकत आले तो काचेपलीकडे काळाकभिन्न उभा होता. पहाटे सहाला बॅटरी 66 टक्के. यंत्राच्या नोंदीत तासाला दोन प्रसंग. पाण्यावरून धुके उठत होते आणि हे गृहस्थ मुखवटा काढून, कानटोपी घालून, पुष्करणीकडे निघालेही होते.

निघताना आजोबा म्हणाले, "काजव्यांच्या टायमाला या. झाडंच्या झाडं पेटत्यात." मेअखेरीपासून पावसाचा जोर धरेपर्यंत हा परिसर काजव्यांनी खरोखरच उजळतो, आणि त्यासाठी जायचे आम्ही ठरवले आहे. मात्र तेव्हा गाडीत झोपणार नाही. गाडी चालू असली की तिचा पडदा आणि दिवे उजेड फेकतात, आणि मादीला खुणावणाऱ्या काजव्याचा प्रकाश असल्या उजेडात हरवून जातो. गाडी शेंडीलाच ठेवायची आणि मुक्काम आजोबांच्या ओटीवर. तेथे भिंतीत विजेची एक खोबणी आहे. यजमानांनी ती आधीच पाहून ठेवली आहे.