ओला स्पंज

माझी धाकटी बहीण इयत्ता सातवींत शिकते. तिला लहानपणापासून अपस्मार आहे. औषधें नियमित चालू झाल्यापासून फेफरें वर्षांतून एखाददुसऱ्या वेळींच येतें. शेजारच्या आजी कांदा हुंगविण्यास धांवत येतात. आम्ही मात्र तिला कुशीवर वळवून घड्याळाकडे पाहत थांबतों. खरें दुःख याहून निराळें आहे. रात्रीं घोकलेली कविता सकाळीं तिला आठवत नाहीं. कानशिलाच्या आंत मेंदूचा जो भाग आठवणी सांठवितो, तेथूनच तिचे झटके उठतात, असें डॉक्टरसाहेब सांगतात. शिवाय कांहीं औषधांनींही विचार मंदावतो. वर्गांत तिला आळशी म्हणतात.

दिवाळीच्या सुटींत माझ्या वाचनांत आलें कीं, माणसाच्या मेंदूंतील विजेचे तरंग जर्मनींतील हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं प्रथम टिपले. पुढें १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं कवटी न उघडतां, बाहेरून चुंबकाच्या योगानें मेंदू चेतविला. दुसरी रीत त्याहूनही सोपी : मिठाच्या पाण्यांत भिजविलेले स्पंज डोक्यावर बसवून सुमारें २० मिनिटें १ ते २ मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडावयाचा. 'सोपी' या शब्दानें मी भुललों. वाचकहो, हंसूं नका. मीं ९ व्होल्टांची बॅटरी, तारा आणि भांडीं घासण्याचा कोरा स्पंज आणला.

ती निमूटपणें खुर्चीवर बसली. "दादा, आतां कविता लक्षांत राहील ना?" एवढेंच तिनें विचारलें. स्पंजांतील पाणी तिच्या गालावर ओघळलें आणि माझा हात तसाच थांबला. प्रवाह किती जाईल, कोठें जाईल, यांतलें मला कांहींच ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरसाहेबांना मीं सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत, हें मला अधिकच लागलें. चुंबकानें क्वचित् झटकाही येऊं शकतो. विजेनें स्मरण सुधारतें कीं नाहीं, याविषयीं अपस्माराच्या रुग्णांवर झालेले प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशीं जुळत नाहींत. जें करावयाचें तें जाणत्यांच्या देखरेखीखालीं, प्रवाह मोजूनच, असें ते म्हणाले.

"म्हणजे आशा धरूं नये?" आईनें विचारलें.

"धरा हो बाई. पण उपचार म्हणून तो आज मला लिहून देतां येत नाहीं." मग त्यांनीं बहिणीला एक लहानशी वही जवळ बाळगण्यास सांगितलें.

परततांना बसमध्यें तिनें विचारलें, "डॉक्टर काय म्हणाले रे, दादा?" मीं पुन्हां पहिल्यापासून सांगितलें. तिनें तें वहींत लिहून घेतलें.